घरचा कारागीर : पेट्रोल असूनही उपाशी राहणारे इंजिन

चोडण बेटावरील एका वाचक भगिनींचे पत्र गेल्या महिन्यात हाती आले. पत्र विस्तृत आहे, त्याचा मथितार्थ असा : "मामंजींच्या पश्चात त्यांची होडी आणि होडीमागचे छोटे इंजिन तीन वर्षे पडवीत पडून होते. यंदा चिरंजीवांनी ते बाहेर काढून पुसून घेतले आणि टाकीत नवे पेट्रोल ओतले. दुसऱ्या-तिसऱ्या हिसक्याला इंजिन सुरू होते, दहा मिनिटे चांगले चालते आणि मग मान टाकते. थोडा वेळ गेला की पुन्हा सुरू होते. टाकीत पेट्रोल तर असतेच. एका कारागिराने पाहून सांगितले की कार्ब्युरेटर गेला आहे, जुन्या यंत्राचे सुटे भाग मिळणे कठीण, भंगारात द्या. मामंजींचा हात ज्यावर फिरला ती वस्तू भंगारात देववत नाही. आणि मुलाला ते इंजिन लावून नदीवर पाठवण्याचा धीरही होत नाही. काय करावे?"

या पत्रात वस्तुतः दोन प्रश्न आहेत. एक यंत्राचा आणि दुसरा आईचा. पहिल्याचे उत्तर नीट शोधले तर दुसऱ्याचे उत्तर त्यातूनच निघते, असे माझे मत आहे. हे मत मी स्वतःच्या फजितीतून मिळवले असल्यामुळे ती फजिती आधी सांगतो.

बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी आणि माझा चौदा वर्षांचा भाचा गळ टाकण्यासाठी शिवोलीहून शापोरा नदीच्या मुखाकडे निघालो होतो. सुकती लागली होती. वाटेत इंजिन बंद पडले. दोरी ओढली, सुरू झाले. थोड्या अंतरावर पुन्हा बंद. तिसऱ्यांदा ते थांबले तेव्हा पाण्याची ओढ आम्हांला मुखावरच्या वाळूच्या पट्ट्याकडे नेत होती आणि तेथे फुटणाऱ्या लाटांचा फेस स्पष्ट दिसू लागला होता. मी मात्र इंजिनाचे झाकण काढून कार्ब्युरेटरशी झटापट करीत बसलो होतो. भाचा म्हणाला, "मामा, आधी नांगर टाकूया का?" त्या पोराला जे सुचले ते मला सुचले नव्हते. नांगर लागला, होडी थांबली आणि तासाभराने एका रापणकाराच्या होडीने आम्हांला ओढून परत आणले.

घरी आल्यावर तीन दिवस मी कार्ब्युरेटर खोलून बसलो. त्या खटाटोपात पितळेच्या एका नाजूक जेटचा आटा माझ्याच हातून गेला. चौथ्या दिवशी शेजारचे एक वयोवृद्ध पागी सहज डोकावले आणि त्यांनी टाकीच्या बुचाकडे बोट दाखवले. बुचावरचा हवेचा स्क्रू घट्ट बंद होता. दोष होता तो एवढाच! बाकीची सगळी मोडतोड माझी.

त्या दिवसापासून मी एक नियम पाळतो. इंधनाचा दोष शोधायचा तो टाकीपासून इंजिनाकडे, पेट्रोल ज्या वाटेने जाते त्याच वाटेने, एकेक मुक्काम तपासत. कार्ब्युरेटर हा या वाटेवरचा शेवटचा मुक्काम आहे. बहुतेक माणसे, आणि घाईत असलेले कारागीरही, तेथूनच आरंभ करतात.

वाटेची ओळख

लहान बाहेरच्या इंजिनाची टाकी बहुधा सुटी असते. टाकीच्या तळाशी पोहोचणारी एक नळी आणि तिच्या टोकाला बारीक जाळी असते. तेथून पेट्रोल रबरी नळीत येते. या नळीच्या मध्ये हाताने दाबण्याचा रबरी फुगा असतो. त्याच्या दोन्ही टोकांना एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपा असतात. पुढे इंजिनाला जोडण्याची कळ, मग लहानशी गाळणी, मग पडद्याचा पंप. इंजिनाच्या पोटातील दाबाच्या चढउताराने हा पातळ पडदा धडधडतो आणि पेट्रोल पुढे ढकलतो. शेवटी कार्ब्युरेटर. त्याच्या वाटीत एक तरंगता फ्लोट असतो. वाटी भरली की तो सुईने पेट्रोलचे दार लावतो. वाटीतले पेट्रोल सुईच्या अग्राएवढ्या छिद्रांच्या जेटमधून हवेत मिसळते.

इंजिन 'टू-स्ट्रोक' जातीचे असेल तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. जुन्या लहान इंजिनांत वंगणाचे तेल पेट्रोलमध्येच मिसळलेले असते. म्हणून पेट्रोल कमी पडले की तेलही कमी पडते. अशा इंजिनाची उपासमार ही केवळ गैरसोय नव्हे. तसेच रेटून चालवले तर पिस्टन तापून सिलिंडरला चिकटतो, आणि मग मात्र भंगारवाल्याला बोलावण्याची वेळ खरोखरच येते.

पायरी पायरीने

पहिली पायरी हवेच्या स्क्रूची. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडले तर तेल गचके खात येते आणि समोरच्या बाजूला दुसरे भोक पाडताच धार अखंड लागते, हे आपल्या गृहिणींना कोणी सांगायला नको. टाकीचेही तेच. जेवढे पेट्रोल बाहेर जाईल तेवढी हवा आत आली पाहिजे. स्क्रू बंद असेल, किंवा त्याचे छिद्र मातीने वा कुंभारमाशीच्या घराने बुजले असेल, तर टाकीत पोकळी निर्माण होते आणि काही मिनिटांत पेट्रोल येईनासे होते. थांबल्यावर हवा कुठून तरी झिरपते आणि इंजिन पुन्हा चालते. भगिनींनी वर्णिलेले लक्षण या दोषाशी तंतोतंत जुळते. खात्री करणे सोपे आहे : इंजिन बंद पडताच टाकीचे बूच सैल करावे. 'फुस्स' असा आवाज येऊन हवा आत गेली की चोर सापडला.

दुसरी पायरी रबरी फुग्याची. हा फुगा म्हणजे या वाटेवरची नाडी आहे; वैद्याने मनगट धरावे तसा तो धरावा. त्यावरील बाण इंजिनाकडे असला पाहिजे. बाणाचे टोक वर राहील असा फुगा उभा धरून दाबत गेले की तो कडक झाला पाहिजे. कितीही दाबून तो मऊच राहिला, तर टाकीकडच्या बाजूने हवा शिरते आहे, झडप निकामी झाली आहे किंवा पुढे कोठे तरी पेट्रोल गळते आहे. इंजिन चालू असताना तो चपटा होत गेला, तर अडथळा फुग्याच्या मागे, म्हणजे टाकीत आहे : हवेचा स्क्रू, तळाची जाळी किंवा त्यांच्यामधली नळी. फुगा चपटा होत नाही, पण इंजिन गळू लागताच तो दाबला की ते पुन्हा जोर धरते, असे असेल तर पंपाचा पडदा किंवा गाळणी पाहावी. आणि फुगा दगडासारखा कडक असूनही इंजिनाला पेट्रोल मिळत नसेल, तरच अडथळा पुढे, कार्ब्युरेटरच्या सुईत असण्याचा संभव. एवढ्या एका परीक्षेने निम्मे काम होते, आणि तेही पाना हाती न घेता.

तिसरी पायरी नळी आणि जोडाची. तीन वर्षे पडलेली रबरी नळी बाहेरून धडधाकट दिसते; आतला थर मात्र सुटून लोंबू लागतो आणि पेट्रोलच्या ओढीबरोबर वाट अडवतो. इंजिन थांबले की तो मागे सरतो, म्हणून दोष सापडत नाही. जोडाच्या कळीतील रबरी कडे सुकून चिरले असेल तर पेट्रोल बाहेर न सांडताही हवा आत शिरते. नळी वाकवून पाहावी. चिरा दिसल्या किंवा ती ताठर लागली तर डागडुजी न करता फुग्यासकट बदलावी. नवी नळी घेताना इथेनॉलमिश्रित पेट्रोलला टिकणारीच मागावी.

चौथी पायरी गाळणी आणि पंपाची. गाळणीच्या वाटीत तांबूस गाळ किंवा पाण्याचे थेंब दिसले तर ते पुसून थांबू नये. ते कोठून आले, हे शोधायला टाकीकडे परत जावे. पंपाचा पडदा उजेडासमोर धरावा. टाचणीएवढे छिद्र किंवा सुरकुतलेला, ताठरलेला पडदा दिसल्यास तो बदलणे हे थोड्या खर्चाचे काम आहे.

पेट्रोल तेच, पण तसे नाही

जुन्या गोमंतकात नदीतून उतारू नेणाऱ्या मोटारलाँचला लोक 'गॅसोलीन' म्हणत. वाहनाला इंधनाचेच नाव पडले होते. आज मात्र त्या इंधनाचीच प्रकृती बदलली आहे, आणि मामंजींच्या इंजिनाला हा बदल ठाऊक नाही.

पडून राहिलेल्या पेट्रोलमधील हलका, लवकर पेटणारा अंश उडून जातो आणि मागे राहिलेला चिकट राळेसारखा होत जातो. त्याला रोगणासारखा आंबूस वास येतो. आमच्या दमट किनाऱ्यावर त्यात आणखी एक भर पडली आहे. आपल्या देशात पेट्रोलमध्ये इथेनॉल, म्हणजे मद्यार्क, मिसळण्याचे प्रमाण २०२२ मध्ये १० टक्क्यांवर आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांवर पोहोचले. इथेनॉल पाण्याला धरून ठेवते. अर्ध्या रिकाम्या टाकीतील दमट हवेतून, किंवा बुचातून झिरपलेल्या पावसातून, ते पाणी घेत राहते. आणि त्याची मर्यादा संपली की मद्यार्क व पाणी एकत्र होऊन तळाशी बसतात, पेट्रोल वर तरंगते. टाकीतली नळी नेमकी तळातून ओढते. शिवाय मिसळलेले वंगणतेल वरच्या पेट्रोलमध्येच राहते. म्हणजे इंजिनाच्या घशाखाली उतरते ते बिनतेलाचे पाणी-मद्यार्क. इथेनॉल जुन्या रबराला मऊ करते, फुगवते, आणि टाकीतला वर्षानुवर्षांचा मळ सोडवून पुढे पाठवते, तेही वेगळेच. त्यातच इथेनॉलमुळे मिश्रणात पेट्रोलच्या मानाने हवेचा वाटा वाढतो, म्हणून जुने इंजिन अधिक तापते.

परीक्षा सोपी आहे. टाकीच्या तळातले थोडे पेट्रोल स्वच्छ काचेच्या बाटलीत घेऊन, बूच लावून, उघड्यावर सावलीत अर्धा तास स्थिर ठेवावे. एकच पारदर्शक रंग दिसला तर ठीक. तळाशी वेगळा थर किंवा धुरकट रेषा दिसली तर सबंध टाकी रिकामी करावी. ढवळून वा नवे पेट्रोल ओतून ते सुधारत नाही. चिरंजीवांनी तीन वर्षांच्या उरलेल्या पेट्रोलवर नवे ओतले असेल, तर मला संशय आहे तो येथेच. हवेचा स्क्रू उघडा ठेवूनही इंजिन थांबत असेल तर पुढची शंका हीच घ्यावी.

काढलेले पेट्रोल नदीत किंवा खाजनात ओतू नये. ज्या गॅरेजात टाकाऊ तेल घेतात तेथे द्यावे. आणि नळी तोंडात धरून पेट्रोल ओढण्याची आपल्याकडील सवय कटाक्षाने टाळावी. घोटभर पेट्रोल ठसक्याबरोबर फुप्फुसात गेले तर जिवावर बेतते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती होडीच्या तळाशी साचून राहते. म्हणून टाकी किनाऱ्यावर उतरवूनच भरावी, आणि जवळपास विडी-काडी नसावी.

नवे पेट्रोल थोडे आणि ताजे घ्यावे. तेलाचे प्रमाण यंत्राच्या पुस्तिकेप्रमाणे ठेवावे. ५० भागांस १ असेल तर लिटरमागे २० मिलिलिटर, २५ भागांस १ असेल तर ४० मिलिलिटर. तेल पाण्यावरच्या टू-स्ट्रोक इंजिनासाठी असलेले घ्यावे, स्कूटरचे नव्हे. इंजिन 'फोर-स्ट्रोक' असेल, म्हणजे त्याला वंगण मोजण्याची वेगळी काडी असेल, तर पेट्रोलमध्ये तेल मुळीच मिसळू नये.

शेवटचा मुक्काम

वरील सर्व मुक्काम निर्दोष ठरले, तरच कार्ब्युरेटर उघडावा. त्याचीही भाषा असते. चोक ओढला तरच इंजिन चालत असेल, तर जेट अंशतः बुजले आहे. वेगात चालते पण मंद गतीत बंद पडते, तर मंदगतीचे बारीक जेट बुजले आहे. मंद गतीत चालते पण वेग वाढवताच गळते, तर मुख्य जेट किंवा मागचा पुरवठा. पेट्रोल ओघळते आणि प्लग ओला निघतो, तर सुई अडकली आहे किंवा फ्लोट बिघडला आहे. प्लग अगदी कोरडा निघाला तर पेट्रोल पोहोचतच नाही. टोक पांढरेफटक दिसले तर मिश्रणात पेट्रोल कमी आहे. प्लग ओला आणि पुरवठाही ठीक, असे असेल तर दोष ठिणगीचा असू शकतो. तो तपासायचा तो सांडलेले पेट्रोल सुकल्यावर आणि मोकळ्या हवेत.

जेट साफ करताना त्यात पोलादी तार किंवा सुई घालू नये. पितळ मऊ असते; छिद्र केसभर मोठे झाले तरी मिश्रण कायमचे बिघडते. कार्ब्युरेटरसाठी मिळणारे द्रावण आणि हवेचा झोत एवढे पुरे. डोळ्यांना चष्मा हवा. प्रत्येक भाग काढताना पांढऱ्या फडक्यावर क्रमाने मांडावा, म्हणजे परत बसवताना एक स्क्रू हातात उरत नाही. बसवण्यासाठी मोजमापाचा स्क्रू-ड्रायव्हर वापरावा. आट्याची माझी कथा वर आलीच आहे.

हे सर्व करूनही त्या कारागिराचे म्हणणे खरे ठरू शकते. कार्ब्युरेटरचे अंग खाऱ्या हवेने खाल्ले असेल, किंवा दोरी ओढताना हाताला मुळीच अवरोध लागत नसेल, म्हणजे सिलिंडरचा दाबच गेला असेल, तर हट्ट धरू नये. मात्र तो निर्णय शेवटच्या पायरीवर व्हावा, पहिल्या नव्हे.

आईच्या प्रश्नाचे उत्तर

आता दुसरा प्रश्न. दहा मिनिटांनी थांबणारे इंजिन 'बहुधा सुधारले' म्हणून मुलाला नदीवर पाठवू नये. त्याची आधी परीक्षा घ्यावी. होडी धक्क्याला नाळेकडून आणि मागून पक्की बांधावी, जवळपास पाण्यात कोणी नाही हे पाहावे, आणि इंजिन गिअरमध्ये टाकून मध्यम वेगाने अर्धा तास चालवावे. हे तीन वेगवेगळ्या दिवशी करावे. एकदा जरी मान टाकली तरी पुन्हा पहिल्या पायरीवर. घरी पिंपात चालवायचे असेल तर पाणी शोषणारी छिद्रे पूर्ण बुडालेली हवीत. पाण्याविना क्षणभरही चालवू नये, आतला पाण्याचा रबरी पंखा जळतो.

तिन्ही परीक्षा उतरल्यावर पहिली फेरी भरती लागताच काढावी, म्हणजे इंजिन थांबलेच तर पाणी समुद्राकडे न नेता आत, गावांकडे नेईल. सोबत दोन वल्ही, लांब दोरीचा नांगर आणि प्रत्येकाच्या अंगात लाइफ जॅकेट. किनाऱ्यावर कोणाला तरी परतण्याची वेळ सांगून जावे. आणि इंजिन थांबले तर पहिला हात नांगराला, दुसरा हवेच्या स्क्रूला. झाकणाला मग. चौदा वर्षांच्या पोराने मला शिकवलेला हा धडा मी आता आपल्या चिरंजीवांच्या स्वाधीन करतो.

हंगाम संपल्यावर टाकीची नळी काढून, इंजिन पाण्यात असतानाच उरलेले पेट्रोल संपेपर्यंत चालू द्यावे, वाटीच्या तळाचा स्क्रू सोडून राहिलेले थेंब काढावेत आणि टाकी कोरडी ठेवावी. पुढच्या वर्षीचे निम्मे आजार या दहा मिनिटांत टळतात. ज्यांच्याकडे होडी नाही, पण बेळगाव-खानापूरकडे शेतावर पेट्रोलचा पंप किंवा इंदूर-बडोद्यास गच्चीवर जनरेटर आहे, त्यांनाही हाच क्रम लागू पडतो. तेथे वाळूचा पट्टा नसतो इतकेच.

माझा अंदाज विचाराल तर मामंजींचे इंजिन वाचेल. बुचावरचा स्क्रू, तळातले पेट्रोल आणि ती नळी, या तीन गोष्टींपलीकडे आपल्याला जावे लागेल असे वाटत नाही. काय आढळले ते अवश्य कळवावे. अंदाज चुकला तर तेही याच पानावर छापीन.

पुढील महिन्यात : पावसाळ्यानंतर विहिरीच्या पंपाची देखभाल.